इवायाचे सहाशे धोटे

वैनगंगेचा पूर चार दिवसांत ओसरतो. माझ्या इवायाचा विचार दोन वर्षांत ओसरत नाही. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचा सासरा; मीही त्याचा इवाईच. असा माणूस पवनीत दुसरा नाही आणि नाही हेच पवनीचं नशीब, असं मी त्याच्या तोंडावर म्हणतो. तो हसतो. "पाहू न जी, विचार करू." सवाल एवढाच होता की त्याच्या कॉम्प्युटरातली हार्ड डिस्क म्हातारी झाली होती, आणि तिच्या जागी ती नवी, चपळ डिस्क घ्यायची की नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धंच. पण मी सवाल एका दमात सोडवला होता: हातमागाच्या फणीचे दात झिजले की फणी बदलतात, तशी बदला. यानं तो दोन वर्षं पानासारखा चघळला.

आम्ही दोघंही विणकरांची पोरं, एकाच गल्लीतली. मी विशीत माग सोडला, साकोलीत कपड्याचं दुकान टाकलं आणि कोणापुढे हात न पसरता चालवलं. यानं माग शेवटपर्यंत धरला. तो थांबला तेव्हा गल्लीतला शेवटचा खटखट थांबला. माग मोडून निघाला, पण मागाचा खड्डा त्यानं बुजवू दिला नाही. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसाच हा आजही बसतो, आणि समोर, जिथे कापड असायचं तिथे, फळीवर कॉम्प्युटर. माझी बेबी, म्हणजे त्याची सून, हौसेनं टेबल-खुर्ची घेऊन आली, तर म्हणतो, "खुर्चीवर बसलो तं माह्ये पाय कुठी ठेवू?" जसे बाकीचे लोक पाय घरी ठेवून खुर्चीवर बसतात!

त्या कॉम्प्युटरात हा करतो काय, तर किनारी भरतो. गल्लीतल्या घराघरातून जुन्या साड्या, फाटके पदर मागून आणायचे, भिंग लावून धागे मोजायचे आणि एकेका धाग्यासाठी पडद्यावर एकेक चौकोन रंगवायचा. एक किनार उतरायला महिना. अशा सहा वर्षांच्या किनारी त्या एका म्हाताऱ्या डिस्कमध्ये. ज्यांच्या साड्या होत्या त्यांतल्या कित्येकांनी त्या गोधडीत शिवून टाकल्या, म्हणजे दुसरीकडे काही उरलेलं नाही. बेबी रोज सांगे, "मामाजी, पेनड्राइव्हवर तरी उतरवून ठेवा." हा ती काडी चिमटीत धरून पाही आणि म्हणे, "एवढ्याशा काडीत सारी गल्ली मावन काय?"

नवी डिस्क किती जलद, हे मोजायचं त्याचं मापही जगावेगळं. घड्याळ हाताला असून तो वेळ धोट्यांत मोजतो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि हवेत हात मारत मोजत बसायचं. त्याचा कॉम्प्युटर उघडायला सहाशे धोटे लागत. एवढ्या वेळात आमचा एक चहा आणि एक भांडण होऊन जाई. एकदा मला भंडाऱ्याच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं नव्या डिस्कचं मशीन लावलं, आणि हा भरल्या दुकानात डोळे मिटून डावा-उजवा हात झटकायला लागला. गिऱ्हाइकं मागे सरकली. एक बाई मला हळूच म्हणाली, "यायले पाणी पाजा जी."

"बारा धोटे!" डोळे उघडून इवाई म्हणाला.

"मग घ्या ना!"

"पन आवाजच नाई येत, इवाई. चालते का नाई, समजन कसं?"

"पडद्यावर दिसून नाही राहिलं?"

"पडदा तं काई बी दाखवते."

आलो हात हलवत परत. त्यानंतर त्यानं सल्ला मागितला नाही असा माणूस नाही. दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावतो तर हा त्यालाच विचारतो, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात कोन्ती हाय?" एका मयतीला आम्ही नदीवर गेलो होतो. चिता धड पेटलीही नव्हती, आणि हा बँकेच्या बाबूला बाजूला घेऊन विचारतो, "जलद डिस्क लवकर मरते म्हन्तेत, खरं हाय का?" मला तिथल्या तिथे नदीत उतरावंसं वाटलं. कोणी "घ्या" म्हटलं की हा न घेण्याची कारणं सांगे. कोणी "राहू द्या" म्हटलं की घेण्याची. माणूस आहे की नदीत हेलकावणारी डोंगी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा माझा हयातीचा दाखला भरायचा होता. श्रावणबाळ योजनेचे म्हातारपणाचे पैसे मला मिळतात. सरकारचे आहेत, मी लाजत नाही. जिवंत असल्याचा पुरावा वेळेत दिला नाही की ते थांबतात. गेलो पवनीला. सहाशे धोटे झाले, चहा झाला, भांडण झालं, माझं नाव, गाव, वय सारं भरून झालं. आता शेवटचं बटण दाबायचं, तेवढ्यात इवायानं हात वर केला.

"थांबा. आयका."

"काय आयकू? दाबा ना बटण!"

"आवाज बदलला."

मला तीच घरघर ऐकू येत होती, दोन वर्षं येत होती तशीच. बेबीही म्हणाली, "मामाजी, रोजच्यासारखाच तं हाय." पण हा तोवर वाकला आणि त्यानं भिंतीतली पिनच उपटली. धागा तुटला की विणकर पुढचा एक धोटा मारत नाही, तसं.

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मले अर्धा जिवंत करून सोडलं!" हे त्यातलं सर्वांत सभ्य वाक्य. पण तोवर दोन वर्षं विचार करणारा माणूस डिस्क काढून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून, पायात चप्पल न घालता बस गाठायला निघाला होता. चपला हातात घेऊन मला त्याच्यामागे पळावं लागलं.

भंडाऱ्याच्या दुकानदारानं डिस्क लावली, कान टवकारले आणि म्हणाला, "काका, वेळेवर बंद केली. अजून थोडी चालवली असती तं काहीच हाती नसतं लागलं." नव्या डिस्कवर एकेक किनार उतरू लागली. किनारीच्या खाली ज्यांच्या मागावरची ती, त्यांचं नाव. मी उगाच वाचत होतो. मधेच माझ्या बापाचं नाव आलं. आमच्या घरची साडी याला कुठून मिळाली, मी विचारलं. "तुमच्या बहिनीकडून. तुमी कवा इचारलंच नाई, मंग म्या बी नाई सांगतलं." मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. उन्हात डोळ्यांना पाणी येतंच.

दाखला दुसऱ्या दिवशी भरला. सरकारच्या लेखी मी पुरा जिवंत आहे. डिस्क दोन वर्षं आधीच घ्यायला हवी होती, हे माझं म्हणणं कायम आहे आणि ते मी त्याला दर भेटीत ऐकवतो. पण हल्ली तो फार हसत नाही. कॉम्प्युटरच्या पेटीवर तळहात ठेवून बसतो, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आता हे मुकं बिमार पडलं तं कोन सांगन, इवाई?" मीही खड्ड्यात पाय सोडून शेजारी बसतो. तो बटण दाबतो. दोघांचेही हात आपोआप हलतात. माझाही, पन्नास वर्षांनी. बारा धोटे, की पडदा उघडला. बारा धोट्यांत नखाएवढंही कापड विणून होत नाही. आणि खरं सांगतो, त्याच्याशी भांडण सुरू करायलाही तेवढा वेळ पुरत नाही.