आईचं माहेर टेरेसवरच्या हॉटेलात

भोकरदनच्या स्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी चाकाची बॅग डोक्यावर घेतली होती. "दादा, चाकं हायेत तिला," मी म्हणाले. "आसू दे. झिजत्याल," ते म्हणाले, आणि तशीच बॅग घेऊन गर्दीतून संभाजीनगरच्या गाडीपाशी गेले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दादा सहावीत थांबले, आई शाळेत गेलीच नाही. हे मी लाजून सांगत नाही, मिरवून सांगते. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुण्याजवळच्या औषध कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली, म्हणून निघाले होते. आई गाडीच्या खिडकीला धरून एकच सांगत होती. "सुट्टी आसली का दत्ताकडं जाय. भावाचं घर हाय माझं, परकं न्हाई."

दत्ता म्हणजे माझा मामा, आईचा एकुलता धाकटा भाऊ. आजी-आजोबा गेल्यावर त्याने गावचं घर विकलं आणि पुण्यात फ्लॅट घेतला. विकताना आईने काही न विचारता अंगठा दिला. त्या दिवसापासून तिचं माहेर पुण्याला. तिने ते पाहिलेलं नव्हतं, पण कुणी "माहेर कुठलं?" विचारलं की ती "पुण्याचं" म्हणायची आणि पदर सारखा करायची.

आता गावाकडच्या पोरापोरींचे मला मेसेज येतात. ताई, पुण्यात येऊन राह्यलो, खायला-प्यायला, रात्री बसायला भारी ठिकाणं सांग ना. सांगते. मामाच्या कृपेने मी सगळी ठिकाणं पालथी घातली आहेत.

पुण्यातल्या पहिल्याच रविवारी मी मामाला फोन केला की घरी येते. "घरी कशाला? लोकेशन टाकतो," तो म्हणाला. ते लोकेशन बाणेरच्या एका ब्रूअरीचं निघालं. काचेमागे तांब्याची मोठमोठी भांडी, त्यात म्हणे बिअर तयार होते. उजेड इतका कमी की मेनू वाचायला मोबाईलची बॅटरी लावावी लागली. मेनूत 'गावरान प्लॅटर' होतं, म्हणजे तळहाताएवढी भाकरी आणि ठेच्यावर चीज. मी हसले तर मामा म्हणाला, "जग बघ जरा, रेखा. भोकरदन डोक्यातून काढ."

मग तेच सुरू झालं. एकदा घरात रंगकाम चालू होतं, एकदा मामीचं डोकं दुखत होतं, एकदा मुलीची परीक्षा होती, मग नुसताच पसारा. कारण दर वेळी नवीन आणि लोकेशनही नवीन. कोरेगाव पार्कातलं कॉफीचं दुकान, जिथे कपावर माझं नाव चुकीचं लिहून मिळतं. तो लाउंज, जिथे हातावर शिक्का मारून आत सोडतात, आमच्या बाजारात बैलाला मारतात तसा. आत एवढा दणदणाट की शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, आणि यालाच सगळे 'भेटायला गेलो होतो' म्हणतात. मी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबरही गेले अशा जागी. पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही, आमचे दादाही पोळ्याला घेतात आणि घेतली की ओट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगतात. माझं भांडण आहे ते या जागा दाराऐवजी वापरणाऱ्यांशी. माणसाला घरात घ्यायचं नसेल तर हे शहर त्याला जेवायला घालतं, आणि वर आपणच त्याचे लाड केले असं समजतं.

एकदा आईने पाठवलेल्या शेवया-कुरडया घेऊन मी न विचारता मामाच्या सोसायटीत गेले. गेटवरच्या वॉचमनने वर फोन लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेब म्हणतात इथंच ठेवा." मी ठेवल्या. आईला फोनवर सांगितलं, दिल्या. "घर कसंय गं?" तिने विचारलं. "मोठंय," मी म्हणाले. बिल्डिंग मोठी होतीच.

एका उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाची अक्षत मामाला हातात देत नाहीत. आईने त्याच्या घरी जायचं, उंबऱ्याला हळदी-कुंकू लावायचं, पत्रिका त्याच्या देवापुढे ठेवायची. मग मामा मांडवात नवरीच्या मागे उभा राहतो. हे काम फोनवर होत नाही, म्हणून आई आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला आली. आदल्या रात्री तिने मामासाठी धपाटे केले होते, लसणाची चटणी वेगळी बांधली होती, मामीला साडी घेतली होती. माझ्या खोलीवर हातपाय धुऊन ती तयार होऊन बसली. "चल जल्दी. वाट बघून राह्यला आसंल."

तेवढ्यात मोबाईलवर लोकेशन आलं. टेरेसवरचं हॉटेल.

मी मामाला बाजूला जाऊन फोन केला. "मामा, आई अक्षत घेऊन आलीय. घरी जावं लागंल."

"अगं, इथला व्ह्यू बघ, अक्का खूश होईल. टेबल बुक केलंय."

हॉटेलच्या दारात गार्डने आईची पिशवी उघडायला लावली. "बाहेरचं खाणं अलाउड नाही, आज्जी." आई म्हणाली, "बाहेरचं न्हाई बाबा, घरचं हाय." त्याला हसू आलं, पण त्याने धपाट्यांचा डबा टेबलाखाली ठेवून घेतला. आई माझ्याकडे बघत राहिली. मला त्याच वेळी परत फिरायला हवं होतं असं मला आजही वाटतं, पण ती लिफ्टमध्ये शिरली होती. भावाला भेटायचं होतं तिला.

वर गालिचा, बारीक दिवे, कारंजं. मामाच्या पुढे बिअरचा ग्लास, मामीपुढे निळं काहीतरी, त्यात पुदिना. मामी उठून पाया पडली, मामाने "अक्का" म्हणून मिठी मारली. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. "वाळला रे." तो चांगला सुटला होता. आम्ही हसलो, आणि पाच मिनिटं सगळं बराबर होतं.

मग वेटर आला. मामा म्हणाला, "अक्का, इथलं थाय भारी असतं."

"मी जेवाया न्हाई आल्ते. आधी अक्षत ठिवू. मंग तुझ्या घरी काय आसंल ते खाऊ. घर किती लांब हाय?"

मामाने मामीकडे बघितलं. मामी ग्लासातला पुदिना हलवत म्हणाली, "जवळच आहे हो, पण सगळा पसारा आहे. किचनचं काम काढलंय."

"आगं, मी काय पसारा बघाया आले का? उंबरा तर आसंल ना जागेवर?"

"अक्का, इथंच दे ना," मामा म्हणाला. त्याने टिश्यूने टेबल पुसलं आणि हात पुढे केला. "आपल्यात काय असतं एवढं? मनात भाव पाहिजे."

आईने पिशवीतून करंडा काढला होता. तो तसाच हातात धरून तिने आजूबाजूला बघितलं. गालिचा, दिवे, शेजारच्या टेबलावर केक कापणारी पोरं.

"इथं कुणाच्या दाराला लावू कुंकू? ह्या हॉटेलवाल्याच्या?"

मामा हसला. त्याला चेष्टा वाटली. "पुढच्या वेळी नक्की घरी ये, अक्का. दोन दिवस राहा."

"पुढच्या वेळी लगीन झाल्यालं आसंल, दत्ता." तिने करंडा परत ठेवला. साडी मात्र मामीच्या मांडीवर ठेवली, तिला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं आणि उठली. पाणीसुद्धा प्यायली नाही. मामा लिफ्टपर्यंत मागे आला. "अक्का, पत्रिका तरी दे." लिफ्टचं दार लागेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. पत्रिका दिली नाही.

खाली गार्डने डबा परत दिला. खोलीवर येऊन आम्ही दोघींनी धपाटे खाल्ले. आई रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चटणीला मीठ जास्ती झालं."

मामाच्या मोबाईलवर मी पत्रिकेचा फोटो पाठवला, कारण न पाठवणं मला जमलं नाही. लग्नाच्या दिवशी तो भोकरदनला आला, मामीशिवाय, चांगला सूट घालून. आईने त्याला दारातून हाताला धरून आत आणलं. पंगतीत स्वतः वाढलं, आग्रह करकरून जिलेबी घातली, नको नको म्हणेपर्यंत. पाव्हण्याची आबदा होऊ दिली नाही. मग भटजींनी आवाज दिला, नवरीच्या मामांनी पुढे यावं. मामा हात पुसत उठला. आई म्हणाली, "बस तू. जेव निवांत." आणि माझ्या मागे ती स्वतः येऊन उभी राहिली.

मांडवात कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने बोलली, "आगं, भाऊ जित्ता आसून?" आईने मागे वळून बघितलं नाही. तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते.

मामाचं अजून चालू आहे. नवीन जागा उघडली, या दोघं, जावईबापूंना आणा. मी "आम्ही जेवलो" असं लिहिते आणि मोबाईल ठेवून देते. जे माझ्यासारखे गाव सोडून आलेत त्यांना सांगते, शहरातल्या जागांची यादी मला मागू नका. तुमची बहीण, मावशी, चुलता आला तर त्याला कुठल्या हॉटेलात न्यायचं हा प्रश्न तुम्हाला पडतोच कसा?

आमचा फ्लॅट भाड्याचा आहे. दोन खोल्या, आणि पसारा तर कायमचा. आई वर्षातून दोनदा येते. गावाकडच्या शेजारणीने परवा तिला फोनवर विचारलं, लेकीकडं गेली का? मी भाकऱ्या थापत होते, ऐकत होते. आई म्हणाली, "न्हाई गं. माहेराला आलेय."