तात्यांची पुडी
नोकरीत अनेक गुन्हे उघडकीस आणले, पण सर्वात आधी आठवतं ते एक प्रकरण ज्यात आरोपी होती एक उभी मोटारसायकल.

तेव्हा मी परळी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना गावातले एक जुने पहिलवान आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. कपाळावर टेंगूळ, नडगी सोललेली.

"शेजारचा मास्तर मुद्दाम माझ्या वाटंत गाडी लावतोय. चार डाव पडलो. गुन्हा नोंदवा, न्हाईतर गाडी पेटवतो."

अदखलपात्र नोंद घेऊन मास्तरांना बोलावलं. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, गाडी दहा वर्सं त्याच लिंबाखाली हाय. तात्याच येऊन धडकतेत."

जागेची पाहणी केली. वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होती. दोघांचे जबाब ठाम. शेवटी दोघांना ठाण्यात समोरासमोर बसवलं, चहा मागवला. सगळ्यांचा पिऊन झाला, तात्या मात्र फुगलेले.

"मास्तरला चहा पाजलात. आमी काय घोडं मारलंय?"

त्यांचा कप त्यांच्याच उजव्या कोपराशी निवत होता. मी काही न बोलता त्यांच्या बाजूला उभा राहून हात हलवला. त्यांना पत्ता नाही. हात नाकासमोर आणला तेव्हा दचकले.

जीपमध्ये घालून त्यांना परळीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर गेली होती. गेलेली परत येणार नव्हती, उरलेली वाचवायची होती. औषध कोणतं घेता, असं डॉक्टरांनी विचारलं.

"औषध न्हाई. बाजारातली गुडघ्याची पुडी, दोन वर्सं झाली. तिच्यामुळंच तर चालतोय."

"चालताय खरं, पण कशावर चालताय ते दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय आला. ते एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून तात्यांना त्यांनी आपल्या देखरेखीखाली घेतलं.

औषध निरीक्षकांना कळवून आठवडी बाजारात छापा टाकला. ठाण्यात आणल्यावर पुडीवाला तासभर 'जडीबुटी, जडीबुटी' करत होता. मी सहज विचारलं, "तुझे गुडघे दुखतेत का बे?"

"लई दुखतेत, साहेब."

"मग पुडी घेतोस?"

"न्हाई."

"कावून?"

तो बोलून गेला, "डोळे जातेत ना."

मग त्याने शेवटचा प्रयत्न केला. "तुमच्या ठाण्यातलेच चौघं माझे गिऱ्हाईक हायेत." माझ्यामागे उभ्या हवालदाराने हळूच खिसा दाबला. मी कोणत्या तोंडाने रागावणार? माझ्या गुडघ्यांसाठी त्यानेच आणून दिलेल्या सात पुड्या माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्याही पंचनाम्यात आल्या.

तपासणीत स्टेरॉइडच निघालं. पुढच्या आठवड्यात आम्ही पाचही जण डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर रांगेत बसलो. हवालदाराला मोतीबिंदूची सुरुवात होती, माझ्या डोळ्यांचा दाब थोडा वाढलेला.

या प्रकरणाने मला शिकवलं की तक्रार खोटी निघाली म्हणून माणूस खोटा ठरत नाही, आणि आराम खरा म्हणून औषध खरं ठरत नाही. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड जीवही वाचवतं. पण ते दीर्घकाळ चालू असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

तात्यांच्या डोळ्यांत आता मास्तरच रोज थेंब घालतात. मध्यंतरी तात्या भेटले, तेव्हा म्हणाले, "मास्तर चांगला माणूस हाय, साहेब. फक्त नेम धरता येत न्हाई."