माळकरी मनी

नातीच्या मांजरीनं खाजवून खाजवून मान लाल केली, म्हणून तिला झाकणाच्या टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जी आहे. मासे बंद करा." मला हसूच आलं, आणि नाकात एकदम सुकटाचा वास शिरला.

सत्तर वर्षांपूर्वी, ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी, आम्हा ढिवरांच्या अंगणात कायम मासोळ्या वाळत असायच्या. आमची मनी त्यावरच पोसलेली. पण तिच्या मानेवरचे केस गेले, दिवसभर नुसतं खाजवणं. बाबा वैतागले, "पोरायले खरूज लागन. नदीपल्याड सोडून येतो तिले."

तेवढ्यात श्रावण लागला. घरात मासोळी बंद, म्हणून मनीलाही पेजच. श्रावण सरता सरता तिच्या मानेवर मऊ लव आली. पोळ्यानंतर पुन्हा मासोळी खाल्ली आणि पुन्हा खाजवू लागली.

माय म्हणाली, "मासोळीच सोसत नाई हिले. नदीपल्याड काऊन नेता?"

पण शेजारणी येता-जाता तिच्यापुढे मासोळीचं डोकं टाकायच्याच. शेवटी मायनं मनीच्या गळ्यात तुळशीची माळ बांधली. माळकऱ्याला मासोळी कोण देणार? शेजारच्या काकूनं उचललेलं डोकं परत टोपल्यात ठेवलं, "चुकलं बाई," म्हणाली आणि मनीला चक्क हात जोडले. आम्ही पोरं हसून लोळलो. मायनं किती नेमकी युक्ती केली होती, ते आज कळतं.

दवाखान्यातून येताना देवळापाशी थांबून एक माळ घेतली.

दुकानदारानं विचारलं, "माळ घालताय का, आजी?"

"मी नाही," म्हटलं आणि टोपलीचं झाकण उघडलं, "ही."