पथकात एकच शिट्टी

आमच्या पथकात शिट्टी एकच. नियम माझा. पूर्वी पथकाच्या सरांकडे एक आणि माझ्याकडे एक, अशा दोन होत्या. एका शिबिरात सरांनी मुलांना जेवायला बोलावलं आणि त्याच क्षणी मी पांगायचा इशारा दिला. निम्मी मुलं ताटांकडे धावली, निम्मी रानात. तेव्हापासून शिट्टी सरांच्या गळ्यात आणि ऐकायचं ते फक्त शिट्टीचं. कुणी हाक मारो, ओरडो, लक्ष द्यायचं नाही. एक लांब शिट्टी म्हणजे आहात तिथेच थांबा. लागोपाठ आखूड शिट्ट्या म्हणजे वाजवणाऱ्याकडे या. हे मी मुलांकडून महिनोन्‌महिने घोटून घेतलं.

मी शिक्षिका नाही. दहिवलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मुलगी स्काऊट-गाईडला जायची, तिला सोडायला जाता जाता मीही मदत करू लागले. दहावी झाल्यावर ती सुटली, मी अडकले. पथक उभं केलं होतं सरांनी, भिवपुरीच्या वीजघरातली नोकरी आणि पाळ्या सांभाळून. सत्तरी ओलांडली तरी दर शनिवारी चारच्या आधी मैदानावर हजर, गणवेशाला कडक इस्त्री.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी मुलांना दोन दोर जोडायची गाठ शिकवली आणि अर्ध्या तासाने तीच पुन्हा शिकवायला घेतली.

"सर, ही मगाशी झाली," एक मुलगी म्हणाली.

"झाली ना? मग ये पुढं, बांधून दाखव. तोंडानं गाठ बसत नाय, गं."

मुलं खिदळली. मीही हसले. सर गंमत करतायत असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात हजेरी दोनदा घेतली, तेव्हाही मी काही बोलले नाही. वय झालं, म्हटलं. दुकानात मशीनचा आवाज बदलला तर मी लगेच माणूस बोलावते. इथे मात्र गप्प बसले.

जानेवारीत आम्ही नदीवर गेलो. आमच्या नदीला वीजघरातून सोडलेलं पाणी येतं. ते कधी वाढतं हे सरांना तोंडपाठ, म्हणून नदीचा कार्यक्रम नेहमी तेच आखायचे. दगडांवरून पलीकडे जायचं, नकाशा काढायचा, परत यायचं. अकरा मुलींना घेऊन मी पलीकडे गेले. सर बाकीच्यांबरोबर अलीकडच्या काठावर थांबले.

परतायच्या वेळी मी पाहिलं, तर आम्ही ज्यांच्यावरून आलो ते दगड दिसत नव्हते. पाणी वाढत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, तासभर थांबलो असतो तर ओसरलं असतं. सरांनीही ते पाहिलं. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. आता एक लांब वाजेल म्हणून मी निवांत.

वाजल्या त्या आखूड शिट्ट्या. लागोपाठ.

अकराच्या अकरा मुली पाण्यात उतरल्या. "थांबा! मागे फिरा!" मी ओरडले. एकीनेही मागे पाहिलं नाही. मीच शिकवलं होतं तसं. मी उडी टाकून पुढच्या दोघींना अडवलं, तशा बाकीच्या मागे वळल्या. तोवर सगळ्यांत लहान मुलीचा पाय सटकला आणि ती गळ्यापर्यंत गेली. तिच्या तुकडीची संघनायिका चौदा वर्षांची. तिने त्या लहानगीचा स्कार्फ धरला, मग दंड धरला आणि ओढून आमच्या काठावर आणली. एक बूट वाहून गेला, बाकी काही झालं नाही. समोरच्या काठावर सर वाजवतच होते. अगदी शांत चेहऱ्याने.

पाणी उतरल्यावर आम्ही सरांच्या काठावर पोचलो. सर म्हणाले, "मी थांबायची वाजवली होती. या पोरी उतरल्या कशा?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काय झालं ते सरळ सांगितलं आणि यापुढे पथकावर येऊ नका म्हणाले. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कुणाला लागलं तर नाय ना?"

"नाही, सर."

शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

शनिवारी चारला सर मैदानावर. इस्त्रीचा गणवेश. "माझी शिट्टी कुठं ठेवलीस गं?"

त्यांना बाजूला घेऊन मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. तोंड उतरलं आणि पुन्हा तेच विचारलं, कुणाला लागलं का. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. माणसाला एकदा काढून टाकता येतं. दर आठवड्याला नव्याने काढणं मला जमेना.

मग मी पथकाचा दिवस बदलला. रविवारी सकाळी, दुसऱ्या मैदानावर. पालकांना कळवलं, मुलांना बजावलं की सरांना हे सांगायचं नाही. खरेपणा हा आमचा पहिला नियम. मुलांनी तो मला ऐकवला नाही, हे त्यांचे उपकार.

पुढच्या शनिवारी वहिनींचा फोन आला. "ते मैदानावर उभे आहेत. माझ्याबरोबर येत नाहीत. म्हणतात, पोरं यायचीत अजून."

दुकान बंद करून मी गेले. "आज परीक्षा आहे, सर. मुलं येणार नाहीत."

"अस्सं? मग बरोबर. अभ्यास आधी." आणि मुकाट्याने माझ्या स्कूटरवर बसले.

तेव्हापासून शनिवारी चार ते साडेचार माझं दुकान बंद असतं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल परीक्षेत निभावले. मे महिन्यात एकदा ते थबकले.

"मे महिन्यात कसली परीक्षा, गं?"

मी स्कूटर बंद केली.

"पोरं यायची बंद झाली काय?"

"नाही, सर. येतात. रविवारी येतात."

"मला कुणी नाय सांगितलं?"

"मीच नाही सांगितलं." मग शिट्टीचं, पाण्याचं, सगळं सांगितलं. ते मैदानाकडे बघत होते.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण तू येऊन तोंडावर सांगायचं होतंस. एवढा हक्क होता माझा."

मी सांगितलं होतं, हे मी बोलले नाही. त्यांना घरी सोडलं.

पुढच्या शनिवारी चारला ते मैदानावर उभे होते. मला बघून हसले आणि विचारलं, "पोरं कुठायत?"

"परीक्षा आहे, सर," मी म्हणाले.