भांड्यांची गाडी आणि क्राऊनचा वाद

आमच्या तंजावरात चढ असा नाहीच, आणि आमची गाडी चढत नव्हती.

कावेरीनं हा मुलूख असा सपाट करून ठेवलाय की दोशाचा तवासुद्धा त्यापुढं खडबडीत वाटावा. आमच्या वाट्याला डोंगर एकच, रेल्वेवरचा पूल. आणि तो नेमका आमच्या घराच्या आणि सगळ्या बड्या कल्याणमंडपांच्या मधोमध! हे बँकेतून निवृत्त झाले आणि लग्नकार्याला भांडी भाड्यानं द्यायचा उद्योग काढून बसले. त्यासाठी एक जुना पिकअप घेतला. अण्डे, पराती, झारे, सगळं पितळेचं. (इथं अण्डा म्हणजे माणूस आत बसून आंघोळ करील एवढं पातेलं. पुण्याकडच्या वाचकांनी घाबरू नये.) गाडी सपाटीवर बरी धावायची. पुलाच्या निम्म्यावर आली की धापा टाकायची, मग थांबायची, मग मागच्या बसचा कंडक्टर खाली उतरून ह्यांच्या सात पिढ्यांची आपुलकीनं चौकशी करायचा आणि प्रवाशांकडून गाडीला धक्का मारून घ्यायचा.

गंमत म्हणजे परत येताना तीच गाडी, तीच भांडी, तोच पूल, आणि शेळीसारखी टणाटण वर!

"जाताना चढ जास्त असणार," मी म्हटलं. (मी तेव्हा पन्नाशीतली पोर. काहीही बोलायची.)

मुरुगेसन मेस्त्री गाडीखाली शिरला आणि बऱ्याच वेळानं काळाकुट्ट होऊन बाहेर आला. "सार, इंजिन लहान, लोड मोठा. मागच्या आक्सलचा क्राऊन-पिनियन बदलूया."

म्हणजे मागच्या आसातली दातेरी चाकं. ती बदलली की इंजिन जास्त फिरणार आणि चाकं कमी. ओढ वाढणार, वेग मरणार.

झालं! घरात दोन पक्ष पडले. धाकटे भाऊजी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. ते म्हणाले, "अण्णा, चढण चिमूटभर. त्या चिमटीपायी उरलेला सगळा रस्ता बैलगाडीच्या चालीनं जायचा काय? आणि मेस्त्री जुना क्राऊन बदल्यात घेणार. एकदा गेला की गेला!"

मी बदलण्याच्या पक्षात. मला गाडीतलं काय कळत होतं? काहीच नाही. म्हणूनच मी ठाम होते. मी शिलाई मशीन बैठकीत ओढून आणलं. "हे मोठं चाक, हे लहान चाक. बघा कशी ओढ येते!" म्हणत असा पाय मारला की ह्यांच्या वेष्टीचा (म्हणजे इकडच्या लुंगीवजा धोतराचा) काठ भाऊजींच्या वेष्टीला शिवला गेला. तेवढा वेळ दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"आणि गाडी चालताना मागून डुबुक डुबुक आवाज येतो, तो कसला?" ह्यांनी विचारलं.

"दाते झिजलेत," मी म्हटलं. "आमच्या मशीनचंही असंच झालेलं."

हा वाद असाच वर्षभर शिजला असता, पण मधे वन्संच्या मुलीचं लग्न आलं. नवरामुलगा पुण्याचा! वन्सं दारातूनच कडाडल्या, "दादा, तुझी गाडी पुलावर बसली तर पुण्याच्या माणसांपुढं माझं नाक जाईल. मी दुसऱ्याकडून भांडी सांगते."

घरच्या लग्नात परक्याची भांडी! ह्यांचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा फुगला. "आमचीच भांडी येणार. गाडी चढली तर क्राऊन राहिला. अडली तर दुसऱ्याच दिवशी मेस्त्री आस उघडणार. विषय संपला!"

लग्नाच्या दिवशी पहाटे निघालो. हे चाकावर, शेजारी मी, मागं भांड्यांत भाऊजी. पुलाच्या पायथ्याशी ह्यांनी गणपतीचं नाव घेतलं आणि गाडी दामटली. निम्म्यावर धाप लागली. त्यानंतर गाडी थांबली आणि (हे नवीन होतं) मागं घसरू लागली! ह्यांनी ब्रेक असा दाबला की एका अण्ड्याची दोरी तुटली, झाकण उडालं आणि पुलावरून धबधबा सुरू झाला. भाऊजी त्याच्या बरोबर मधे.

"अय्यो! हे पाणी कुठून?"

ह्यांनी उतरून एकेक झाकण उघडलं. सगळे अण्डे काठोकाठ!

"अगे, हे काय?"

"शकुन," मी म्हटलं.

शुभकार्याला रिकामं भांडं घराबाहेर पडू नये, ही सासूबाईंची शिकवण. त्या प्रत्येक भांड्यात पळीभर पाणी घालायच्या. मला पळीभरानं कुठलं समाधान! हे पूजेला बसले की मी नळी लावून सगळे अण्डे गळ्यापर्यंत भरायची आणि झाकणं आवळून बांधायची. प्रत्येक लग्नाला.

"एवढं ओझं दर वेळी?"

"ओझं कसलं? शकुनाला काय वजन असतं?"

"असतं, वहिनी," भाऊजी ओलेचिंब उभे होते. "लिटरला एक किलो."

सगळं पाणी पुलावर ओतलं. गाडी भुर्रकन वर! भाऊजी ओल्या अंगानं नाचले, "क्राऊन वाचला! क्राऊन वाचला!" आम्ही मंडपात विजयी वीरांसारखे पोचलो. आचाऱ्यानं अण्ड्यात डोकावून पाहिलं.

"अम्मा, तण्णी कुठाय?"

"पाणी? ते तुम्ही भरायचं!"

"तुमच्या भांड्यांतून दर वेळी भरून येतं. म्हणून तर आम्ही तुमचीच भांडी मागतो. मोटार कोण लावतो? आणि आता करंट गेलाय."

मुहूर्त तोंडावर. सांबाराची डाळ कोरडी. कालव्याला अजून पाणी सोडलेलं नव्हतं. वन्सं माझ्याकडं अशा बघत होत्या, की अण्ड्यात आता मलाच शिजवतील. आम्ही उलटपावली घरी, विहिरीवर. भरले पुन्हा सगळे अण्डे, आणि पुन्हा त्याच पुलाच्या पायथ्याशी!

"आता?" हे कळवळले.

"रिव्हर्स!" भाऊजी ओरडले. "अण्णा, या गाडीचा रिव्हर्स पहिल्या गिअरहून ताकदीचा आहे. उलटी चढव!"

आणि गाडी उलटी चढली! हे मान वळवून, मी खिडकीबाहेर लोंबकळून, भाऊजी मागं उभे राहून "उजवीकडं! अण्णा, तुझ्या नव्हे, माझ्या उजवीकडं!" असं ओरडत. बसचा कंडक्टर या खेपेलाही खाली उतरला. त्यानं हात जोडले. पुलापलीकडं वळवायला जागा सापडेना, तेव्हा तशीच उलटी गाडी थेट मंडपाच्या दारात.

दारात वरमाई उभ्या. "अहो, ही गाडी पाठमोरी का येतेय?"

वन्संचा रंग उडाला. आता नाक वाचवायचं कोणी? मी उतरले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "आमच्या तंजावरी मराठ्यांत अशीच पद्धत. लग्नघरी भांडी पुढं, माणसं मागं. अन्नाचा मान पहिला. राजांच्या काळापासून आहे."

"राजांच्या काळी पिकअप?"

"तेव्हा बैल उलटे जुंपायचे."

वरमाईंचे डोळे भरून आले. "किती जपलंय हो तुम्ही सगळं!" त्यांनी भांड्यांना हळदकुंकू लावलं, गाडीच्या पाठीला ओवाळलं आणि ओवाळतानाचा फोटो काढून घेतला. सांबार वेळेत झालं. वन्सं माझ्याशी गोड बोलल्या, हे त्याहून मोठं.

पुढं काय? पाण्याशिवाय भांडी घ्यायला एकही मंडप तयार होईना. शेवटी क्राऊन बदलावाच लागला! आता भरल्या अण्ड्यांनिशी गाडी पूल सरळ तोंडानं चढते. सपाटीवर मात्र म्हशी तिला मागं टाकतात, आणि भाऊजी त्या म्हशींकडं बघत माझ्या नावानं बोटं मोडतात.

एवढं करून सवरून परवा एक वधूपिता आले. त्यांनी तो फोटो कुठंतरी पाहिलेला. "आमच्या दारात मात्र गाडी उलटीच आणा हं. तुमची ती जुनी पद्धत!" आताशा सगळेच असं मागतात.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं आणि म्हटलं, "आणू की!"

मागं बघून बघून ह्यांची मान कायमची आखडली आहे. रोज तेल लावून चोळायचं काम माझ्याकडं आहे. राजांच्या काळापासूनची परंपरा जपायची, तर एवढं करावंच लागतं!