पालथा त्रिकोण

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय तर तेही धड जमत नाहीये — एका त्रिकोणापायी माणसानं इतकी वर्षं स्वतःवर चिडायचं म्हणजे काय?

बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. भाईंदरच्या एका शाळेत मी आठवीला भूमिती शिकवायचो. एकरूप त्रिकोण. एक दुसऱ्यावर तंतोतंत बसला की एकरूप. जो कोन ज्यावर बसतो, तो त्याचा संगत कोन. यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा ना? फळ्यावर शेजारीशेजारी दोन काढले — अबक आणि पफम. दुसरा आरशातल्यासारखा उलटा होता, ते मी पाहिलंच नाही. डावीकडचा ब, डावीकडचा फ — लावली जोडी नि मोकळा झालो.

जवळच्या गोडदेव गावची सुमन उठली. घरची भातशेती, आठवीपर्यंत पोचलेली घरातली ही पहिलीच. तिनं वहीच्या कागदाचा त्रिकोण कापला होता.

"सर, ह्यो पालथा घातला तरच बसतो. ब मवर येतो."

"त्रिकोण आहे बाई, थालीपीठ नाही उलथायला," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली.

घरी जाऊन मीही कागद कापला. ब मवरच आला. मग दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांत सांगून टाकायला मला काय धाड भरली होती? आज सांगू, उद्या सांगू — करत राहिलो. वार्षिक परीक्षेचा पेपर मी आधीच काढून दिला होता, आणि त्यात तीच आकृती — कोन बचा संगत कोन कोणता?

सगळ्या वर्गानं फ लिहिलं, मी शिकवलेलं. सुमननं एकटीनं म. तिला गुण द्यायचे तर बाकीच्यांचे कापायला हवेत, आणि का कापले तेही सांगायला हवं. मी तिच्या उत्तरावर लाल फुली मारली — हो, माहीत असून. प्रश्न चार गुणांचा होता. ती तीन गुणांनी नापास झाली.

वडील तिला घेऊन शाळेत आले. पुन्हा आठवीला बसवायची की शेतावर न्यायची, हे त्यांना ठरवायचं होतं.

"मास्तर, पोर म्हनते तिचा बरोबर हाय. तुमी सांगाल तसा करू."

सुमन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, तिचं चुकलंय. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला, आणि तो मी माझ्या हातानं लिहून दिला.