आजीच्या तेरवीची पंगत

आजी राळेगावच्या शाळेतून रिटायर झाली आणि शाळा घरी घेऊन आली. नातवंडांवर जीव ओवाळून टाकायची, पण दुसरी पोळी हवी असली की हात वर करावा लागे. तोंडानं मागितली की म्हणायची, “वरडून काहून राह्यला? हात वर कर, मले दिसते.” बाबांनाही सूट नव्हती.

तिच्या तेरवीला अंगणात पंगत बसली. निम्म्या गावाला तिनंच शिकवलेलं. पोळ्यांची परात घेऊन मी विचारलं, “कोणाले पाहिजे?” पाहतो तर पांढऱ्या मिशांची माणसं मुकाट डावा हात वर करून बसलेली. एकानं तर दोन्ही हात वर केले होते आणि उजव्यातून वरण गळत होतं.

आजी असती तर त्याला तिथंच उभं केलं असतं.